नडगीच्या टोकाशी

सकाळी ७:१५

प्राणिघरात जाताना बाहेरचं काही आत न्यायचं नाही. चपला, घड्याळ, मोबाइल, सगळं दाराबाहेरच्या कपाटात. अंघोळ करून लॅबचे धुतलेले कपडे, वर टोपी, मास्क, हातमोजे. मी व्हेटर्नरी पॅथॉलॉजिस्ट. माझं काम सूक्ष्मदर्शकावर चालतं, त्यामुळे रोज सकाळी इथे यायलाच हवं अशी सक्ती माझ्यावर नाही. पण ज्या जनावराची हाडं पुढे काचेवर बघायची, ते जिवंतपणी कसं चालतं, कसं खातं हे पाहिलेलं नसेल तर काचेवरचं निम्मंच कळतं असा माझा अनुभव आहे.

प्राणिघर सांभाळणाऱ्या मामांचं वजनं घेणं सुरू झालेलं असतं. नुकतीच दूध तुटलेली उंदरांची पिल्लं, पन्नास-साठ ग्रॅमची. मामा शेपटीच्या बुडाशी हलक्या हाताने धरून एकेक पिल्लू ताटलीत ठेवतात, आकडा स्थिर होईपर्यंत थांबतात, मोठ्याने वाचतात आणि दुसरा मदतनीस तो लिहून घेतो.

"मॅडम, हे कालपेक्षा पाच ग्रॅमनं वाढलंय. हे मात्र जागच्या जागी आहे."

मोठ्या जनावराचं वजन रोज घेतलं नाही तरी चालतं. इथे नाही चालत. डोस वजनावर ठरतो आणि पिल्लाचं वजन एका रात्रीत दहा टक्क्यांनी वाढू शकतं. कालच्या वजनावर आज औषध दिलं तर ते कमी पडतं, आणि अभ्यास तिथेच ढिला होतो.

जागच्या जागी असलेल्या पिल्लाचा वरचा ओठ मामांनी अंगठ्याने अलगद वर केला. पुढचे दात बघायचे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते वर सरकायचे तर जबड्यातल्या हाडाने आधी वाट मोकळी करून द्यावी लागते, म्हणजे तेवढं हाड झिजावं लागतं. आम्ही ज्या गटातली औषधं अभ्यासतो ती नेमकं हेच झिजणं थांबवतात. मग दात अडतो किंवा वाकडा येतो, पिल्लाला कडक खाद्य कुरतडता येत नाही आणि वजन रोडावतं. नोंदवहीत नुसतं 'वजन घटलं' एवढंच गेलं, तर औषध पोटाला बाधलं असं कुणीही समजेल. खरं कारण जबड्यात असतं. या पिल्लाचे दात सरळ होते. तरी मामांनी त्याच्या पिंजऱ्यात पाण्यात भिजवलेलं मऊ खाद्य ठेवलं आणि तशी नोंद केली. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

मऊ खाद्य कधी द्यायचं, पिल्लं किती घ्यायची, त्रास कुठवर चालू द्यायचा आणि कुठे थांबायचं, हे सगळं संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीने आधी मंजूर केलेलं असतं. त्या कागदावर माझीही सही आहे. म्हणूनच एकेका पिल्लाच्या एकेका हाडातून जेवढं कळण्यासारखं आहे तेवढं कळून घेतलंच पाहिजे, असं मी स्वतःला बजावत असते.

सकाळी ९:००

डीकॅलची खोली. हाडात कॅल्शियम असताना त्याचा पातळ काप निघत नाही, म्हणून ते आधी काढून टाकायचं. १० टक्के ईडीटीए, पीएच ७.४, बाटल्या हलत्या फळीवर, दर दोन-तीन दिवसांनी ताजं द्रावण. लहान उंदराच्या नडगीलासुद्धा काही आठवडे लागतात. फॉर्मिक ॲसिडने काम लवकर उरकतं, पण पुढे मला ज्या एन्झाइमचा रंग हवा असतो ते ॲसिडमध्ये मरतं.

झालं की नाही हे बघायला वापरलेलं द्रावण थोडं आम्ल करून त्यात ॲमोनियम ऑक्झलेट घालतात. गढूळ झालं तर कॅल्शियम अजून निघतंय. काही जुनी मंडळी हाडात सुई टोचून बघतात. ते मी करू देत नाही, कारण नेमक्या बघायच्या जागी भोक पडतं.

आज एका फळीवरच्या बाटल्या स्वच्छ उतरल्या, दुसऱ्या फळीवरच्या गढूळ. कोणती फळी कोणत्या गटाची हे तंत्रज्ञाला सांगितलेलं नाही, तरी त्याचा अंदाज झालाच. औषध घेतलेल्या पिल्लांच्या नडगीच्या टोकाला खनिज जास्त असतं. ते निघायलाही जास्त वेळ लागतो.

सकाळी १०:१५

मायक्रोटोमवर अर्धा तास. ब्लॉक बर्फावरून काढायचा, पाच मायक्रॉनचे काप, त्यांची रिबिन कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या सुटल्या की काचेखाली घ्यायची. हाडाचे काप काच सोडतात, म्हणून काच आधी लेप दिलेली हवी. कॅल्शियम कुठे राहिलेलं असलं तर ब्लेडला दात पडतो आणि कापावर उभी रेघ उमटते. हे काम मला येतं, पण आमच्या तंत्रज्ञाइतकं नाही. त्याच्या हाताखाली वाढीची चकती अख्खी येते, मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती तिरपी कापली गेली की खरी असते त्यापेक्षा जाड दिसते आणि पुढची सगळी मापं चुकतात. म्हणून तो ब्लॉक लावण्यातच पाच मिनिटं घालवतो, आणि ती मी त्याला घालवू देते.

सकाळी ११:००

हा माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला वेळ. दोघांनी बघायच्या सूक्ष्मदर्शकावर एका बाजूला मी, समोर नुकतीच एम.व्ही.एस्सी. करून आलेली आमची नवी पॅथॉलॉजिस्ट. चालू अभ्यासाच्या स्लाइड तिला अजून द्यायच्या नाहीत. शिकवायला ठेवलेला जुना संच आहे, त्यात झोलेड्रोनेट, म्हणजे हाड झिजणं थांबवणाऱ्या त्याच गटातलं एक औषध, दिलेली वाढती पिल्लं आहेत आणि न दिलेली. सॅफ्रॅनिन-ओ आणि फास्ट ग्रीन अशी रंगवलेली नडगी, म्हणजे कूर्चा लाल आणि हाड हिरवं.

"मॅडम, ही ट्रीटेडच ना? हाड किती भरगच्च आहे. चांगलंच दिसतंय की."

"भरगच्च आहे. आता खाली खाली जा, आणि लाल कुठपर्यंत दिसतंय ते सांग."

ती स्टेज सरकवत गेली. बराच वेळ गेली.

आधी न दिलेल्याची नडगी सांगते. गुडघ्याखालच्या टोकाशी कूर्चेची आडवी लाल चकती. तिच्यात चपट्या पेशींचे उभे स्तंभ. खाली येता येता पेशी फुगतात आणि त्यांच्यामधल्या भिंतींत कॅल्शियम भरतं. मग खालून रक्तवाहिन्या शिरतात आणि त्यांच्याबरोबर हाड खाणाऱ्या मोठ्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट. त्या यातल्या बऱ्याचशा भिंती खाऊन टाकतात. ज्या उरतात त्यांच्या अंगावर दुसऱ्या पेशी, ऑस्टिओब्लास्ट, हाडाचा हिरवा थर चढवतात. म्हणजे गाभा लाल, कड हिरवी. पण हेही तात्पुरतंच. थोडं खाली ऑस्टिओक्लास्ट पुन्हा येतात, लाल गाभ्यासकट ते काढून टाकतात, आणि त्या जागी पक्कं हाड येतं, नाहीतर मज्जेला जागा होते. आणखी खाली गेलं की लाल संपलेलं असतं.

स्लॅब टाकताना आधी सेंटरिंग लावतात, फळ्या, टेकू, सगळं. स्लॅब धरला की ते काढावंच लागतं, त्याशिवाय घरात कुणी राहू शकत नाही. वाढत्या हाडाच्या टोकाशी हे लावणं आणि काढणं रोज, दर तासाला चालू असतं. औषधाने काढणारे हात बांधले, तर लावणारे काही थांबत नाहीत.

"मॅडम, लाल संपतच नाहीये."

संपत नाही, कारण कॅल्शियम भरलेल्या कूर्चेच्या भिंती, ज्या काही दिवसांत जायच्या होत्या, त्या सगळ्या तशाच राहिल्यात. त्यांच्यावर हाडाचा पातळ थर चढलाय, आणि मधली जागा इतकी कमी की मज्जा चिमटीत धरल्यासारखी दिसते. एक्स-रेला हे पांढरंशुभ्र येतं. घनता मोजणारं यंत्र मोठा आकडा दाखवतं. पण या भिंतींत पक्क्या हाडातल्यासारखे एकावर एक रचलेले कोलॅजनचे पदर नाहीत. साहित्य जास्त आहे, बांधणी कच्ची आहे.

मग मी तिला कडेला नेलं. वाढीच्या चकतीपाशी हाड रुंद असतं आणि खाली दांड्याशी अरुंद. ही निमुळती उतरण आपोआप होत नाही. बाहेरच्या कडेवरचे ऑस्टिओक्लास्ट रोज बाजूचं हाड खात जातात, म्हणून रुंद टोकाचा बारीक दांडा होतो. संचातल्या त्या नडगीत कड जवळजवळ सरळ खाली उतरलीये. डोकं खाली लांबवर तसंच रुंद राहिलंय, गदेसारखं. गदेसारखं म्हणजे क्लब-शेप्ड, पुस्तकातही हाच शब्द आहे.

हे किती लवकर होतं, ते उंदराची वाढ किती वेगाची असते त्यावरून कळतं. स्वित्झर्लंडच्या हुन्झिकर आणि शेंक यांनी १९८९मध्ये मोजलेलं आहे. ३५ दिवसांच्या उंदराच्या नडगीच्या वरच्या टोकाशी हाड दिवसाला सुमारे ३३० मायक्रॉनने लांबतं, आणि ८० दिवसांचा झाला की सुमारे ८५. म्हणजे ऐन वाढीत आठवड्याला दोन मिलिमीटरहून जास्त नवं हाड. आठवडाभर हाडाचं खाल्लं जाणं बंद पाडलं तर दोन मिलिमीटरचा भरीव पट्टा उभा राहतो आणि तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. रॉबर्ट शेंक यांनी १९७०च्या दशकात याच गोष्टीची चाचणी बनवली. वाढत्या उंदराला सात दिवस औषध द्यायचं आणि नडगीच्या टोकाशी किती हाड साठलं ते मोजायचं. आज ज्या गोळ्या आणि इंजेक्शनं लाखो म्हाताऱ्या माणसांना मिळतात, त्यांतल्या कितीतरी औषधांची ताकद आधी अशा पिल्लांच्या नडगीत मोजली गेली. एटिड्रोनेटला एक धरलं तर पामिड्रोनेट सुमारे शंभर पट, आणि झोलेड्रोनेट दहा हजार पटींच्याही वर.

त्यात एटिड्रोनेटची गोष्ट वेगळी आणि फार शिकवणारी. हे औषध आलं मुळात कपडे धुण्याच्या पावडरीच्या संशोधनातून. पाण्यातलं कॅल्शियम साचू नये म्हणून जी फॉस्फेटं वापरत, त्यांच्याच कुळातलं. फ्लाइश, रसेल आणि फ्रान्सिस यांनी १९६९मध्ये दाखवलं की हे रेणू हाडाचं विरघळणंही थांबवतात. पण एटिड्रोनेट ज्या डोसला हाड खाणं थांबवतं, त्याच्या जवळपासच्याच डोसला नव्या हाडात खनिज भरणंही थांबवतं. मग पिल्लाची चकती जाड होत जाते, खाली मऊ हाड साठतं, आणि चित्र मुडदुसासारखं दिसायला लागतं. झोलेड्रोनेटचा डोस इतका बारीक लागतो की तो धोका मागे पडतो. राहतो तो हाड न खाल्लं जाण्याचा.

दुपारी १२:१५

त्याच नडगीचा दुसरा काप, ट्रॅपचा रंग. ॲसिडमध्ये मरतं म्हटलं ते एन्झाइम हेच. ऑस्टिओक्लास्ट गडद लाल येतात. नव्या मुलीचा तर्क सरळ होता, औषध हाड खाणाऱ्या पेशींना मारतं, म्हणजे त्या कमी दिसणार. प्रत्यक्षात लाल पेशी भरपूर.

"अगं, मोजू नकोस आत्ता. आकार बघ."

निरोगी ऑस्टिओक्लास्ट हाडाला चिकटून पसरलेला असतो, खालून हाडात खड्डा करत. इथले हाडापासून सुटलेले, गोल झालेले, एकेकात ढीगभर केंद्रकं, काहींची आक्रसून काळी पडलेली. झोलेड्रोनेटसारखी नायट्रोजनवाली औषधं पेशीतल्या फार्नेसिल पायरोफॉस्फेट सिंथेज या एन्झाइमला अडवतात. त्यामुळे पेशीला हाडाशी घट्ट बसायला आणि आम्ल सोडायची झालरदार कड तयार करायला जी प्रथिनं लागतात, ती जागेवर पोचत नाहीत. पेशी असते, तिला काम करता येत नाही. क्लोड्रोनेट वेगळ्या वाटेने जातं, पेशीत एटीपीचं खोटं रूप तयार करून तिला मारतं. नुसती संख्या लिहून पुढे गेलेला अहवाल मी परत पाठवते तो यासाठीच. 'ऑस्टिओक्लास्ट वाढले' असं वाचून एखाद्याला वाटेल, हाड झपाट्याने झिजतंय.

दुपारी १:३०

डबा. कँटीनच्या ताई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "मॅडम, आमच्या आईला डॉक्टरांनी वर्षातून एकदा घ्यायचं हाडाचं इंजेक्शन सांगितलंय. तुमच्या त्या उंदरांना देता तेच का ते? मग नको म्हणू का?"

हा प्रश्न मला नेहमी येतो आणि त्याला घाईत उत्तर द्यायला मला आवडत नाही. मी डबा बाजूला ठेवला. आईचं वय सत्तर. वाढीच्या चकत्या केव्हाच बुजल्या. त्यांच्या हाडात खाणं भरण्यापेक्षा जास्त झालंय, आणि ते खाणं आवरलं तर खुबा मोडण्याचा धोका खरोखर कमी होतो. त्यांना ते नाकारू नका. मात्र आधी मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं आहे का बघा, आणि दात काढायचा असेल तर तो आधी काढून घ्या. एवढं विचारा डॉक्टरांना. ताईंनी ते मोबाइलवर बोलून साठवलं.

एकच औषध. सत्तरीच्या हाडात ते थोपवतं, आणि वाढत्या हाडात तेच थोपवणं आकार बिघडवतं. वय पाहिल्याशिवाय या औषधाबद्दल कुणी मला चांगलं की वाईट असं विचारलं, तर मला उत्तर देता येत नाही.

दुपारी २:३०

अंधारी खोली, फ्लुओरेसन्स. या हाडांतलं कॅल्शियम काढलेलं नाही, ती प्लॅस्टिकमध्ये घट्ट बसवलेली. पिल्लाला काही दिवसांच्या अंतराने दोनदा कॅल्सीन टोचलेलं असतं. त्या त्या दिवशी जिथे खनिज भरत होतं तिथे ते बसतं आणि निळ्या प्रकाशात हिरवी रेघ चमकते. दोन रेघांमधलं अंतर भागिले दिवस, म्हणजे वाढीचा वेग. औषध घेतलेल्या पिल्लांत मधल्या डोसपर्यंत लांबी फारशी घटत नाही, मोठ्या डोसला घटते. यंत्र मापं काढतं, मी तपासते. दीड तास जातो. सांगण्यासारखं आणखी काही नाही.

दुपारी ४:००

वर्गमित्राचा फोन. परळच्या कॉलेजात आम्ही एकत्र होतो. तो आता पुण्या-मुंबईच्या शर्यतीच्या घोड्यांचं बघतो.

"अगं, एक मालक मागे लागलाय. दोन वर्षांचं शिंगरू आहे, घोट्यामागच्या सेसॅमॉइड हाडात एक्स-रेला छिद्रं दिसतायत. म्हणतोय, परदेशात ते हाडाचं इंजेक्शन देतात, एक्स-रे स्वच्छ होतो. तुला काय वाटतं?"

मी त्याला जे सांगितलं ते असं. अमेरिकेत २०१४मध्ये टिल्युड्रोनेट आणि क्लोड्रोनेट ही दोन औषधं घोड्यांसाठी मंजूर झाली, ती खुरातल्या नॅव्हिक्युलर हाडाच्या दुखण्यासाठी, आणि चार वर्षांवरच्या घोड्यांसाठी. त्याखाली ती सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासलेलंच नाही, असं लेबलवरच छापलंय. आंतरराष्ट्रीय शर्यत महासंघाच्या नियमांत साडेतीन वर्षांखालच्या घोड्याला ही औषधं देण्याची मनाई आहे.

पण नियम बाजूला ठेवला तरी हाडाचं म्हणणं तेच आहे. दोन वर्षांचं शिंगरू धावायला लागलं की त्याच्या नळीच्या हाडात आणि सेसॅमॉइडमध्ये बारीक तडे जातात. ते जाणारच, त्याशिवाय हाड पळण्याजोगं घट्ट होत नाही. तडा गेलेला भाग ऑस्टिओक्लास्ट उकरून काढतात, मग त्या जागी नवं हाड भरतं. एक्स-रेतल्या त्या छिद्रांत काही वेळा ही उकरणीच दिसत असते. उकरणं बंद केलं तर छिद्र दिसत नाही, पण तडा आत राहतो. डेव्हिड बर यांच्या गटाने २०००च्या सुमारास बीगल कुत्र्यांना वर्षभर मोठा डोस देऊन दाखवलं की हाडातले न भरलेले तडे साठत जातात आणि हाडाचा चिवटपणा उतरतो. त्यात ही औषधं दुखणंही कमी करतात. म्हणजे जनावर लंगडून सांगत होतं, तेही बंद.

"आणि एकदा हाडात बसलं की वर्षानुवर्षं निघत नाही," मी म्हटलं. "विकत घेणाऱ्याला कळणारही नाही."

"मालकाला कसं सांगू?"

"शिंगराला विश्रांती दे म्हणून सांग. ट्रॅक हलका कर, तीन-चार महिन्यांनी एक्स-रे पुन्हा काढ. घोडा त्याचा आहे, त्याला पळताना मोडलेला नकोय ना."

तो हो म्हणाला. मालक ऐकेल का, ते मला माहीत नाही.

संध्याकाळी ४:४०

आता अहवाल. दिवसातलं हे सगळ्यात अवघड काम, आणि माझा सगळा आग्रह इथेच आहे.

चालू अभ्यास कुणाचा, रसायन कोणतं, हे मी लिहू शकत नाही. पण वाद नेहमीचाच आहे. अहवालाच्या तक्त्यात आमच्या शास्त्रात ठरलेला शब्द जातो, 'ट्रॅबेक्युलर हाड वाढलेलं'. पुढे एक रकाना असतो, हा परिणाम घातक की नाही. बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं की हाड राखणं हेच तर या औषधाचं काम, मग हाड वाढलं तर ते घातक कसं?

मोठ्या जनावराच्या अहवालात हे म्हणणं मला मान्य होतं. पिल्लाच्या अहवालात मी मान्य करत नाही. वाढलेलं हाड कुठे आहे, त्याच्या पोटात कूर्चा राहिलीये का, टोक निमुळतं झालंय की गदेसारखं राहिलंय, मज्जेला जागा किती उरली, दात आले का, आणि औषध थांबवल्यावर हे किती मागे फिरतं, एवढं सगळं लिहिल्याशिवाय मी त्या रकान्यात 'नाही' लिहीत नाही. कारण माझा कागद पुढे ज्याच्या हातात जातो तो लहान मुलांचा डोस ठरवतो. २०२०मध्ये मुलांच्या औषधांसाठीच्या प्राणी-अभ्यासांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, आयसीएच एस ११, ठरली तीही यासाठीच.

कुणाला वाटेल, मी या औषधांच्या विरोधात आहे. तसं अजिबात नाही. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा घेऊन जन्मलेलं मूल कूस बदलताना बरगडी मोडून घेतं. चालायच्या वयात मांडीचं हाड दोन-तीनदा मोडलेलं असतं. आईला त्याला उचलायची भीती वाटते. माँट्रियलमध्ये ग्लोरिओ यांच्या गटाने तीन ते सोळा वर्षांच्या तीस मुलांना ठरावीक काळाने पामिड्रोनेट सलाइनमधून दिलं आणि १९९८मध्ये निकाल छापले. हाडं मोडणं कमी झालं, मणके भरले, दुखणं उतरलं, मुलं हिंडू-फिरू लागली. अशा मुलाच्या हाडात कूर्चेचे लाल गाभे राहतात हे मला माहीत आहे, आणि तरीही त्याला ते औषध मिळायलाच हवं असं मी म्हणेन.

त्या मुलांच्या एक्स-रेत एक फार बोलकी गोष्ट दिसते. वाढीच्या चकतीला समांतर पांढऱ्या रेघा, एकाखाली एक. डॉक्टर त्यांना झेब्रा लाइन म्हणतात. प्रत्येक सलाइनच्या वेळी ऑस्टिओक्लास्ट काही काळ थांबले, त्या काळात जी कूर्चा उरली तिची एक रेघ. मूल वाढत गेलं तशा रेघा खाली सरकत गेल्या. रेघा मोजल्या तर सलाइन किती झाल्या ते कळतं, आणि दोन रेघांमधल्या अंतरावरून मधल्या काळात मूल किती वाढलं ते. या रेघा घाबरण्यासारख्या नाहीत. मधे मधे औषध नसलेले महिने होते, हाडाला स्वतःला आकार द्यायला वेळ मिळाला होता, हेही त्याच रेघा सांगतात.

तो वेळ मिळाला नाही तर काय होतं, तेही नोंदलेलं आहे. मायकेल व्हाइट यांनी २००३मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. हाडांच्या दुखण्यासाठी त्याला दोन वर्षांहून जास्त काळ पामिड्रोनेटचे मोठे डोस मिळाले होते. हाडं एक्स-रेला भरीव पांढरी, टोकं गदेसारखी, आणि ठिसूळ. जन्मजात ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये दिसतं तेच, फक्त औषधाने घडवलेलं. ती चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला माझी स्लाइडच दिसली. उंदराच्या नडगीत तीस वर्षं आधी मोजलं गेलं होतं, तेच एका मुलाच्या गुडघ्यात.

औषध थांबवलं म्हणजे ते गेलं, असंही नाही. लहानपणी पामिड्रोनेट घेतलेल्यांच्या लघवीत ते आठ वर्षांनंतरही सापडलं, असं २००७मध्ये त्याच जर्नलमध्ये आलं. हाड झिजतं तसं ते थोडंथोडं सुटत राहतं. आठव्या वर्षी औषध घेतलेली मुलगी सोळाव्या वर्षीही ते अंगात वागवत असते. म्हणून मुलाला शक्य तेवढा कमी डोस, शक्य तेवढं अंतर, आणि वाढीवर लक्ष. नंतर आलेल्या डेनोसुमॅबचं गणित उलटं. ते हाडात साठत नाही, पण थांबवलं की अडलेले ऑस्टिओक्लास्ट एकदम उसळतात, आणि मुलांच्या रक्तात कॅल्शियम धोकादायक चढू शकतं. वाढत्या माकडांत मोठ्या डोसला वाढीच्या चकत्या बिघडल्याचं त्याच्या लेबलवरच आहे.

आजचा रकाना मी रिकामा ठेवला. नियमाने तसं करता येतं, कारण रिकव्हरी गटाची हाडं अजून यायची आहेत. औषध थांबवून पुढे काही आठवडे वाढू दिलेली पिल्लं. त्यांच्यात चकतीला लागून नवं, नेहमीसारखं हाड आलेलं असेल आणि जुना भरीव पट्टा खाली दांड्यात सरकलेला असेल, तर एक वाक्य लिहीन. पट्टा तिथेच असेल आणि टोकही गदेसारखंच असेल, तर दुसरं.

संध्याकाळी ६:१०

निघण्याआधी उद्याच्या नेक्रॉप्सीची यादी. ठरलेलं आहे ते उजवी नडगी आणि उजवी मांडी. समितीची मंजुरी आधीच आहे, म्हणून दोन ओळी वाढवल्या. एक कमरेचा मणका, कारण मुलांत पहिला फायदा तिथे दिसतो. आणि खालचा जबडा, डावा अर्धा, तिसरी दाढ आत धरून. ती उशिरा येते, त्यामुळे औषध चालू असतानाच तिला वाट काढायची होती.

मामांना फोन केला. "उद्या जबडाही घ्यायचाय. बाटल्यांवर लेबलं आजच लावून ठेवाल?"

"लावलीत मॅडम. दातांचं तुम्ही विचारणार, ते ठाऊक होतं. डाव्या बाजूचाच ना?"

"डाव्याच बाजूचा. आणि ईडीटीए ताजं करायला सांगा."